चाक, उतार आणि क्रीडांगण

नांदुऱ्याच्या आसमंतात, पूर्णेच्या खोऱ्यात, कपाशीला मानवणारी जी काळी जमीन पावसाळ्यात पावलोपावली तळव्यांना चिकटते, तीच चाकाच्या खुर्चीवरील बालकाला मैदानाच्या कडेला खिळवून ठेवते. आणि याचे कारण त्या बालकाच्या दुर्बलतेत नसून पदार्थविज्ञानाच्या एका साध्या नियमात आहे. भार जितक्या लहान क्षेत्रफळावर एकवटतो तितका दाब वाढतो, म्हणून खुर्चीची पुढची अरुंद, टणक चाके मऊ मातीत रुततात. त्यांच्या जागी रुंद, कमी हवेची चाके बसविली, की भार विभागून खुर्ची पुढे सरकते.

उताराचा न्यायही असाच. एकास बारा या प्रमाणाच्या उतारावर, घर्षण वगळता, खुर्चीसह ४० किलो भरणाऱ्या मुलाला चढविण्यास सुमारे सव्वातीन किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो; मात्र ३० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यासाठी ३.६ मीटर लांबीचा उतार लागतो.

पाण्यात तर उत्प्लावक बल देहाचा बहुतेक भार पेलते. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, ते याच माध्यमात.

दिव्यांगांच्या मनोरंजनाच्या हक्काचे संरक्षण करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ ने सरकारबरोबरच स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. तेव्हा गावोगावच्या नगरपरिषदांनी आणि शाळांनी मैदानाच्या पुढील अंदाजपत्रकात एक टणक वाट व एक सौम्य उतार यांची तरतूद अवश्य करावी.