कोणता तुकडा म्हणजे रायफल?

स्प्रिंग उडाली तेव्हा गॅरेजमध्ये आम्ही तिघंच होतो. मी, माझा मावसभाऊ आणि त्याचे शेजारी. जागा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एक छोटं गाव. शेजारी सत्तरीचे, उभा जन्म डाय बनवण्याच्या कामात गेलेला, हात अजूनही स्थिर. तरी ती निम्म्या काडीएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटली, छताला लागल्याचा बारीक आवाज आला आणि ती दिसेनाशी झाली. ते अजिबात चिडले नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं लोहचुंबक काढलं, गुडघ्यावर बसले आणि फरशीवरून हळूहळू फिरवू लागले.

समोरच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर एक अख्खी रायफल सुटी मांडली होती. नळी, बोल्ट, दस्ता, चाप, घोडा, पिना, स्प्रिंगा. त्यातलं जवळजवळ सगळं टपालाने घरी आलेलं, आपल्याकडे पुस्तकं मागवतात तसं. एकच तुकडा तसा आला नव्हता. तळहातावर मावेल एवढा, काळा, ॲल्युमिनियमचा, आतून पोकळ. त्याला तिथे लोअर रिसीव्हर म्हणतात. तो आणायला त्यांना परवानाधारक दुकानात जावं लागलं, ओळखपत्र दाखवावं लागलं, सरकारी फॉर्म भरावा लागला आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन होकार आल्यावरच तो हातात मिळाला. त्याच्या अंगावर नंबर कोरलेला होता. अमेरिकेच्या 1968 च्या बंदूक कायद्यानुसार रायफल म्हणजे तो तुकडा. बाकी सगळे सुटे भाग.

मी तो उचलून पाहिला. साबणाच्या डबीपेक्षा फार जड नसावा. त्यातून गोळी सुटत नाही, तो स्फोट सोसत नाही, नेम धरत नाही. तरी कायद्याच्या लेखी बंदूक तोच. रायफल तयार घ्यावी की भाग आणून जोडावी, हा प्रश्न अमेरिकेत हौशी लोक वर्षानुवर्षं चघळतात. मला मात्र त्या टेबलाशी उभं असताना त्याच्या मागचा प्रश्न जास्त मोलाचा वाटला: वस्तू जर तुकड्यांची असेल, तर तिची जबाबदारी कोणत्या तुकड्यावर लिहायची?

हा प्रश्न पडायलाही आधी तुकडे एकमेकांत बसावे लागतात, आणि ते बसायला बराच काळ जावा लागला. अठराव्या शतकापर्यंत बंदूक हा एका कारागिराचा नग असे. प्रत्येक भाग शेजारच्या भागाला कानस मारून बसवलेला. एका बंदुकीचा घोडा मोडला तर दुसरीचा काढून चालत नसे, लोहाराकडेच जावं लागे. 1785 मध्ये थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. ओनोरे ब्लांक नावाच्या बंदूक कारागिराने त्यांच्यापुढे पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रं जोडली आणि ती बिनचूक बसली. त्यांनी ते मायदेशी पत्राने कळवलं. रणांगणावर मोडलेल्या दोन बंदुकांतून एक चालती बंदूक करता येईल, हे त्यांना लगेच उमगलं होतं.

पुढचा रस्ता मात्र पाठ्यपुस्तकात असतो तितका सरळ नव्हता. एली व्हिटनीने 1798 मध्ये दहा हजार मस्केट सुमारे दोन वर्षांत देण्याचा करार केला आणि ते पुरे व्हायला 1809 उजाडलं. सुट्या भागांच्या कल्पनेचं श्रेय त्याला सर्रास दिलं जातं, पण पुढे अभ्यासकांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा भाग खरे अदलाबदल करण्याजोगे नसल्याचं आढळलं. ते काम प्रत्यक्षात उतरवलं जॉन हॉलने, 1820 च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात. हॉलचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मला ते खटकतं, कारण गेजने मोजून यंत्रावर एकसारखे भाग काढण्याची जी शिस्त त्याने आणि त्याच्या काळातल्या सरकारी कारखान्यांनी लावली, तिच्यातूनच पुढे शिवणयंत्रं आणि सायकली आल्या.

इंग्रजांनी ही यंत्रं 1850 च्या दशकात अमेरिकेतून लंडनजवळच्या एन्फिल्डच्या कारखान्यात आणली. 1857 मध्ये ज्या रायफलीच्या काडतुसांवरून आपल्याकडे ठिणगी पडली, तिचं नाव याच एन्फिल्डचं. रस्त्यावर धडधडत जाणारी बुलेटही त्याच नावाची. रेडिचच्या एका सायकल कंपनीला 1890 च्या दशकात या कारखान्यासाठी रायफलीचे सुटे भाग बनवण्याचं काम मिळालं आणि त्या मानातून तिच्या मालाला रॉयल एन्फिल्ड हे नाव पडलं. तिच्या जुन्या बोधचिन्हावरची तोफ तिथूनच आली.

पण एकसारखे भाग मिळाले म्हणून कुणीही घरी रायफल जोडू शकतो असं नाही. जुन्या पद्धतीच्या बोल्ट ॲक्शन रायफलीत, उदाहरणार्थ माउझर 98 मध्ये, बोल्टचे दात रिसीव्हरमध्ये अडकतात आणि नळी त्याच रिसीव्हरमध्ये आट्यांनी घट्ट बसते. काडतूस बसल्यावर त्याच्या मागे बोल्टच्या तोंडापर्यंत किती जागा राहते, हे ती नळी नेमकी किती आत गेली यावर ठरतं. या मापाला हेडस्पेस म्हणतात. जागा जास्त झाली तर काडतुसाची पितळी पुंगळी ताणून फाटते आणि तापलेला वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. कमी झाली तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून नवी नळी बसवणं हे लेथ आणि गेज असलेल्या जाणत्याचंच काम.

युजीन स्टोनरने 1950 च्या दशकाच्या अखेरीस आर्मालाइट कंपनीत एआर-15 आखली तेव्हा बोल्टचे दात त्याने नळीच्याच मागच्या पोलादी कड्यात अडकवले. सैनिकी 5.56 मिमी काडतुसाचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण चार हजार पट असतो. तो सगळा नळी, कडं आणि बोल्ट मिळून सोसतात. बाहेरच्या कवचावर, म्हणजे रिसीव्हरवर, त्याचा भार जवळजवळ येतच नाही, म्हणून ते ॲल्युमिनियमचं चालतं. हेडस्पेसचं मुख्य माप नळी बनवतानाच ठरून येतं, म्हणून अशी रायफल घरच्या टेबलावर जोडता येते. स्टोनरला हवी होती हलकी रायफल. 1959 मध्ये हक्क कोल्ट कंपनीकडे गेले, 1977 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग कितीतरी कारखाने त्याच मापाचे भाग काढू लागले. ओहायोतल्या त्या टॉवेलवर निरनिराळ्या पाच-सहा कंपन्यांचा माल शेजारी शेजारी पडला होता तो यामुळे.

आता हिशेबाचं. जोडलेली रायफल स्वस्त पडते, हा समज पहिल्या रायफलीला तरी सहसा खरा ठरत नाही. कारखाना भाग हजारांनी घेतो, आपण एकेक. त्यात शिकंजा, खास पाना, टॉर्क पाना, पिना ठोकायचे पंच, गेज हे सगळं लागतं. एक बाब मात्र जोडणाऱ्याच्या बाजूची. तयार लांब बंदुकीवर कारखानदाराला 11 टक्के कर भरावा लागतो, 1937 च्या कायद्याने त्यातून वन्यजीव संवर्धनाला पैसा जातो, आणि सुट्या भागांना तो लागत नाही. शिवाय महिन्या-महिन्याने एकेक भाग घेता येतो.

शेजाऱ्यांचं कारण पैशाचं नव्हतंच. त्यांचा उजवा खांदा जुन्या दुखापतीने आखडलेला आहे, तयार दस्ता त्यांना टोचतो. हे मला पटलं. नेमबाजीच्या वरच्या पायरीवर अंगाला बसणं हाच तर सगळा खेळ असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. त्या प्रकारातल्या रायफली पाहाव्यात. गालाची पट्टी, खांद्याला टेकणारा भाग, दस्त्याची लांबी, सगळं मिलिमीटरने हलतं, आणि गुडघ्यावर, पालथं, उभं, अशा तिन्ही वेळी नव्याने जुळवावं लागतं.

तरी माझं मत विचाराल तर बहुतेकांनी तयार घ्यावी. कारखान्यातून आलेली रायफल बिघडली तर जबाब देणारा एक जण असतो. स्वतः जोडलेलीत नळीवाला बोल्टवाल्याकडे बोट दाखवतो, बोल्टवाला तुमच्याकडे. शेजाऱ्यांनी मुलीसाठी रायफल घेतली ती तयारच. उद्या काही झालं तर तिला फोन करायला कुणीतरी हवं, असं म्हणाले.

इथवर प्रश्न हौसेचा आणि सुरक्षेचा आहे. जिथे नंबरच नसतो तिथे तो फार गंभीर होतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्रीय परवाना लागत नाही. याचा आधार घेऊन काही कंपन्यांनी कवच अर्धवट ठेवून विकायला सुरुवात केली. अपुरं म्हणून ते बंदूक नाही, म्हणून नंबर नाही, तपासणी नाही. थोडं काम केलं की पुरं. गुन्ह्यांच्या तपासात हाती आलेल्या आणि माग काढण्यासाठी पाठवलेल्या अशा बिननंबरी बंदुका 2017 मध्ये सुमारे 1,600 होत्या, 2021 मध्ये 19,000 हून अधिक. 2022 मध्ये सरकारने नियम केला की सहज पुरा करता येणारा संच हीसुद्धा बंदूकच.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 8 ऑक्टोबर 2024 च्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारलं की अंडी, चिरलेलं हॅम, मिरची आणि कांदा ओट्यावर ठेवले तर ते ऑम्लेट झालं का. न्यायमूर्ती बॅरेट यांनी उलट बाजूने विचारलं: आणि एखाद्या पदार्थाचे सगळे जिन्नस एका खोक्यात घालून, त्याच पदार्थाचा संच म्हणून घरी पाठवले तर? मला बॅरेट यांचा प्रश्न जास्त नेमका वाटतो. बाजारातली भाजी कशाचीही होते, संच मात्र एकाच गोष्टीसाठी निघालेला असतो. 26 मार्च 2025 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी नियम कायम राहिला. तो राहायलाच हवा होता. ज्या वस्तूने माणूस मरतो तिच्यावर कुणाचं तरी नाव लागलेलं असलं पाहिजे.

आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्री येते, आणि बनवायला, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. म्हणजे नळीही शस्त्र, बोल्टही शस्त्र. पुण्यातल्या एखाद्या निष्णात टूलमेकरने नळी टपालाने मागवायचा प्रश्नच येत नाही. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते हात थांबवून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडची मुलं हे काम शिकतात कुठे. सरकारी कारखान्यांत, मी म्हटलं.

स्प्रिंग रात्री नऊच्या सुमारास फडताळाखाली चुंबकाला चिकटली. जोडणी पुरी करून त्यांनी रायफल तिजोरीत ठेवली आणि एक वही काढली. प्रत्येक भाग कधी, कुठून आला, कोणता किती टॉर्कने आवळला, गेज काय दाखवतो, हे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. या रायफलीची तीन पानं भरली होती. मुलीच्या रायफलीसाठी एकच ओळ होती: नंबर, आणि पुढे दुकानाचा फोन.