कात्री आणि साक्ष

१९८५ साली अमेरिकेतील केंब्रिज येथील इन्फोकॉम या कंपनीने ‘अ माइंड फॉरएव्हर व्होयेजिंग’ नावाचा एक खेळ विक्रीस आणला. खोक्यात फ्लॉपीबरोबर एका शहराचा नकाशा होता आणि एक छापील मासिकही होते; मासिकावरचे साल मात्र २०३१ होते. खेळात चित्र नव्हते. पडद्यावर केवळ गद्य उमटत असे. खेळाडूने उत्तरेस जा, दार उघड, वर्तमानपत्र वाच, अशी एखादी आज्ञा टंकावी आणि यंत्राने पुढचा परिच्छेद सादर करावा, एवढाच उभयतांमधला व्यवहार. अशा रचनेला परस्परसंवादी कथा हे नाव रूढ करण्यात याच कंपनीचा मोठा वाटा होता.

हा मागोवा त्या खेळापासून सुरू करण्याचे कारण असे, की भविष्यातल्या यंत्रग्रस्त आणि पाळतीखालच्या समाजात बातमीशी ज्याचा संबंध येतो अशा माणसाच्या जागी खेळाडूला बसविणारे जे शब्दप्रधान खेळ पुढे निर्माण झाले, त्यांचे मूळ मला त्यात दिसते. आणि त्या नंतरच्या खेळांविषयी खेळाडूंनी जी तक्रार पुन्हा पुन्हा नोंदविली, तिचे उत्तर या पहिल्या खेळातच होते, असे माझे मत इतक्या वर्षांच्या अंतरावरून पाहताना पक्के झाले आहे.

खेळाचा कर्ता स्टीव्ह मेरेट्झ्की. ‘प्लॅनेटफॉल’ आणि डग्लस ॲडम्स यांच्यासमवेत रचलेला ‘हिचहायकर्स गाइड’ या खेळांमुळे तोपर्यंत त्याची ख्याती विनोदकार म्हणून होती. १९८४ च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना दुसऱ्यांदा कौल मिळाला आणि त्या निकालाने अस्वस्थ झालेल्या या लेखकाने आपला विनोद बाजूस ठेवून एक गंभीर राजकीय कथा हाती घेतली. तीत खेळाडू हा माणूस नसून प्रिझम नावाचा, जाणीव लाभलेला संगणक आहे. पेरी सिम या नावाने एका सामान्य मनुष्याचे कृत्रिम आयुष्य जगूनच त्याची ही जाणीव घडलेली आहे. रिचर्ड रायडर नावाच्या सिनेटराने राष्ट्राच्या पुनरुत्थानाची एक योजना मांडली आहे. कर निम्म्यावर आणावेत, उद्योगांवरील निर्बंध उठवावेत, सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू करावी, अशी तिची कलमे आहेत. ती अमलात आली तर देशाचे काय होईल, याचा अदमास घेण्यासाठी दक्षिण डाकोटातील रॉकव्हिल या कल्पित शहराची एक प्रतिकृती संगणकात उभारली जाते, आणि प्रिझमने पेरी सिम होऊन त्या शहरात हिंडावे व जे दिसेल ते नोंदवून आणावे, असा हुकूम होतो.

पहिल्या फेरीत साल २०४१ असते आणि प्रिझमचा प्रकल्प चालविणाऱ्या डॉक्टर पेरेलमन यांनी दिलेली कामांची एक यादी हाती असते: उपाहारगृहात जेवावे, न्यायालयाचे कामकाज पाहावे, धर्मसंस्थेच्या एखाद्या अधिकाऱ्याशी बोलावे, सार्वजनिक वाहनाने प्रवास करावा, वर्तमानपत्र वाचावे, आपल्या घरी जाऊन यावे. एखाद्या वृत्तसंपादकाने नवशिक्या बातमीदाराला पहिल्या दिवशी शहराची ओळख करून घेण्यास धाडावे, तशीच ही यादी आहे. २०४१ मध्ये सारे ठीकठाक दिसते आणि योजनेचे समर्थक आनंदित होतात. मग खेळाडू दहादहा वर्षांनी पुढे जातो, तेव्हा मात्र यादी नसते. काय नोंदवायचे, कशाला महत्त्व द्यायचे, हे आता त्याचे त्यानेच ठरवायचे असते. तेच रस्ते, तेच चौक, तेच घर. परंतु प्रत्येक फेरीत काहीतरी हरवलेले, काहीतरी निर्दय झालेले. पोलीस घरात शिरून झडती घेतात. मुलगा मिचेल एका कडव्या धर्मपंथाच्या आहारी जातो आणि त्याची झळ त्याच्या आईपर्यंत, पेरीची पत्नी जिल हिच्यापर्यंत, पोहोचते. ही दृश्ये खेळाडू बदलू शकत नाही. तो ती फक्त पाहू शकतो आणि टिपून आणू शकतो. अखेरीस रायडर पेरेलमनच्या कचेरीत येऊन त्याला धमकावतो, ते संभाषण प्रिझम टिपतो आणि वृत्तवाहिनीवरून सर्व जगाला ऐकवितो. हिंडणे, पाहणे, टिपणे आणि मग प्रसिद्ध करणे, असा बातमीदारीचा संपूर्ण क्रम या खेळात आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात यशापयशाचा काटा दाखविणारी एकही पट्टी नाही.

तत्कालीन खेळाडूंचे मत मात्र वेगळे पडले. इन्फोकॉमचे ग्राहक हे कोड्यांचे भोक्ते होते. बंद दाराची किल्ली, अंधाऱ्या भुयारातला दिवा, शब्दांच्या आड दडविलेली युक्ती, यांत रात्रीच्या रात्री घालविण्यासाठीच ते पैसे मोजीत असत. त्यांच्या हाती असा खेळ पडला की ज्यात शेवटचा भाग सोडला तर कोडे म्हणावे असे जवळजवळ काहीच नव्हते. ‘यात करायचे काय?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो मी अन्याय्य मानीत नाही. त्यात अडचण अशी, की खेळाला १२८ किलोबाइट स्मृती लागत असे. त्या काळी घरोघरी असलेल्या कमोडोर ६४ या यंत्राचे मालक त्यामुळे दाराबाहेरच राहिले. मेरेट्झ्कीची अपेक्षा होती की राजकीय मजकुरावरून वादळ उठेल, संतप्त पत्रे येतील. तसे फारसे काही घडले नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा विनोदाकडे वळला. इन्फोकॉमचे केंब्रिज येथील बिऱ्हाड १९८९ साली मोडले.

येथून पुढे मताचा प्रवाह हळूहळू उलटला, आणि तो कसा उलटला हे पाहण्यासारखे आहे. १९९२ मध्ये जुन्या खेळांच्या एका संग्रहातून हा खेळ पुन्हा उपलब्ध झाला. १९९३ मध्ये ग्रॅहॅम नेल्सन यांनी इन्फॉर्म हे रचनासाधन हौशी लेखकांना विनामूल्य दिले, १९९५ पासून या हौशी लेखकांची वार्षिक स्पर्धा भरू लागली आणि १९९८ साली ॲडम केडर यांच्या ‘फोटोपिया’ या जवळजवळ कोडेविरहित कथेने ती स्पर्धा जिंकली. कोडे नसले तरी कथा खेळता येते, किंबहुना चालत जाऊन पाहणे हीच एक कृती आहे, हे ज्यांना आता मान्य होते अशा पिढीने मेरेट्झ्कीचा खेळ पुन्हा उघडला, आणि ज्या निरुद्देश भटकंतीला पूर्वी दोष मानले होते तीच त्यांना त्याची थोरवी वाटली. खेळातले एक अक्षर बदलले नव्हते.

दरम्यान अशाच यंत्रग्रस्त, पाळतीखालच्या भविष्याच्या कथा सांगणारा सायबरपंक हा साहित्यप्रकार बाळसे धरीत होता. विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ ची. आणि या प्रकाराने पत्रकाराला आरंभापासून आपल्या दरबारात मानाची जागा दिली. ‘मॅक्स हेडरूम’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेचा नायक एडिसन कार्टर हा बातमीदारच होता. १९८८ साली माइक पॉन्डस्मिथ यांनी ‘सायबरपंक’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा खेळ काढला. त्यात बंदूकधारी आहेत, संगणकाच्या जाळ्यात घुसणारे आहेत, दलाल आहेत, कंपन्यांचे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या पंक्तीला ‘मीडिया’ ही पत्रकाराची भूमिकाही आहे. इतरांना बाहुबळ, यंत्रबळ किंवा द्रव्यबळ दिलेले असताना या भूमिकेला पॉन्डस्मिथ यांनी जी खास शक्ती दिली, तिचे नाव आहे विश्वासार्हता. लोक आपले म्हणणे खरे मानतील, एवढेच तिचे सामर्थ्य. पत्रकाराच्या व्यवसायाचे इतके अचूक वर्णन मी खेळांच्या नियमपुस्तकांत अन्यत्र वाचलेले नाही.

मग २०१२ साली लुकास पोप यांनी लुडम डेअर या शीघ्ररचनेच्या उपक्रमासाठी ‘द रिपब्लिया टाइम्स’ हा छोटेखानी खेळ केला आणि खेळाडूची जागा बदलली. रस्त्यावरचा बातमीदार जाऊन त्याच्या ठिकाणी मेजामागचा संपादक आला. सरकारने त्याची पत्नी आणि मूल आपल्या ताब्यात ठेवले आहे. तारेवरून बातम्या येत आहेत. कोणती घ्यायची, कोणती टाकायची, कोणती मोठ्या आकारात लावायची, हे वेळेच्या आत ठरवायचे आहे, आणि जनतेची राजनिष्ठा व वाचकसंख्या यांचे आकडे समोर हलत आहेत. हवामान आणि क्रीडा यांच्या बातम्या दिल्या की वाचक वाढतात, निष्ठेला धक्का लागत नाही, ही युक्ती खेळाडूला लवकरच कळते आणि ती आपल्याला इतक्या लवकर कळली याचीच त्याला मग खंत वाटते. बंडखोरांचे गुप्त संदेशही त्याच तारेवरून येतात. राज्य उलथते, आणि लगेच दुसऱ्या राज्याच्या दुसऱ्या पत्राचे संपादकपद त्याच अटींवर पुढ्यात येते. त्या शेवटाने खेळाडू सुन्न होत. पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ पुढच्या वर्षी गाजला, तेव्हा अनेकांनी मागे जाऊन हा धाकटा खेळ शोधला.

त्याच वाटेने २०१६ साली ‘द वेस्टपोर्ट इंडिपेंडंट’ आला. सेन्सॉरचा कायदा लागू होण्यास १२ आठवडे उरलेले. तोवर संपादकाने लेखांतील परिच्छेद काळ्या शाईने खोडावेत, मथळे फिरवावेत, आपल्या बातमीदारांची मर्जीही सांभाळावी आणि शहराच्या चार भागांत अंक खपवावा, अशी त्याची मांडणी. कल्पना सर्वांना आवडली. परंतु समाधान थोड्यांचेच झाले: खेळ लवकर संपतो, खोडलेल्या परिच्छेदाचे पुढे काय झाले ते जाणवत नाही, शहर म्हणजे केवळ आकडे, असा अभिप्राय सर्वत्र उमटला. २०१७ च्या ‘हेडलाइनर’ आणि २०१८ च्या ‘नोव्हीन्यूज’ या खेळांनी त्यावर एक उपाय शोधला. दिवसाचे काम आटोपून संपादक घरी चालत जातो आणि सकाळी मंजूर केलेल्या बातम्यांचे पडसाद रस्त्यावरच्या माणसांत आणि आप्तांच्या बोलण्यात त्याला भेटतात. खेळाडूंनी या चालण्याची स्तुती केली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

जर्मनीतील ऑस्मॉटिक स्टुडिओज यांच्या ‘ऑर्वेल’ या खेळाच्या २०१८ च्या दुसऱ्या भागात बाजूच उलटी आहे. खेळाडू सरकारी पाळतखात्याचा नोकर आहे आणि त्याच्यासमोर राबान व्हार्ट नावाचा, सरकारवर टीका करणारा पत्रकार आहे. त्याची पत्रे चाळावीत, त्याच्या गतायुष्यातील एकेक कागद उपसावा आणि अखेर त्याचेच नाव बदनाम करून लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडवावा, हे काम. पॉन्डस्मिथ यांची ती विश्वासार्हता येथे हिरावून घेण्याची वस्तू झाली आहे. पहिला भाग अधिक भरीव होता, असे म्हणणारे पुष्कळ. मला मात्र पत्रकाराची दुर्बलता दाखविण्यात हा दुसरा भाग अधिक धीट वाटतो.

व्हेनेझुएलातील सुकेबान गेम्स यांच्या २०१६ च्या ‘व्हॅलहॅला’चा उल्लेख येथे केलाच पाहिजे. त्यात खेळाडू एका सायबरपंक नगरातल्या मद्यगृहात पेले भरणारी जिल नावाची एक स्त्री आहे. आणि तिच्याकडे येणारा पहिला गिऱ्हाईक ‘ऑगमेंटेड आय’ या वृत्तपत्राचा संपादक आहे. उद्धट, वाचकसंख्येपलीकडे काही न पाहणारा. घरी परतल्यावर जिल त्याच पत्राच्या बातम्या वाचते आणि त्या बातम्यांमागची माणसे तर रात्री आपल्यासमोर बसून गेली, हे खेळाडूला उमगत जाते. बोलण्याचे पर्याय नाहीत, गती संथ आहे, हे आक्षेप खरे आहेत. तरीही लोक त्या खेळावर प्रेम करतात, कारण तेथे ऐकून घेतले जाते.

हे सारे अभिप्राय शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मला असे दिसते की ‘खेळ लहान आहे’ ही संपादकी खेळांवरची तक्रार लांबीविषयीची नाहीच. ‘रिपब्लिया टाइम्स’ त्या खेळांहूनही लहान आहे आणि त्याच्या लहानपणाबद्दल क्वचितच कोणी कुरकुर केली. तो विनामूल्य होता हे एक कारण झाले, परंतु पुरेसे नव्हे. त्यात मेजामागच्या माणसाचे स्वतःचे काहीतरी ओलीस होते. इतरत्र खेळाडूच्या हाती कात्री दिली आणि डोळे मात्र काढून घेतले. आयता आलेला कागद ठेवायचा की फाडायचा, हे यंत्राकडून करवून घेणे रचनाकाराला सोपे जाते; पण ती बातमी कोणाच्या उंबऱ्यावर उभे राहून मिळाली, सांगणाऱ्याचा आवाज कसा कापत होता, एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे पडताळले की नाही, हे सारे वगळल्यावर उरते ती पत्रकारिता नव्हे, टपालाची वर्गवारी होय. खेळाडूंना हे नेमक्या शब्दांत मांडता आले नसेल, पण पायांखाली रस्ता नाही हे त्यांनी ओळखले, आणि जेथे थोडासा रस्ता मिळाला तेथे ते कृतज्ञ झाले. मेरेट्झ्कीने त्यांना सबंध शहर दिले होते.

म्हणून एक विनंती करतो. ख्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये सिद्ध केलेले ट्वाइन हे साधन विनामूल्य आहे; त्यात देवनागरी मजकूर जसाच्या तसा लिहिता येतो आणि साधी कथा रचण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही. तालुक्याच्या गावी तीस-तीस वर्षे एस.टी.ने हिंडून, कचेऱ्यांचे आणि कोर्टाचे उंबरे झिजवून बातम्या दिलेली माणसे मराठीत पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी तरी आपल्या गावाचे २०४१ साल लिहावे, आणि वाचकाला संपादकाच्या खुर्चीत न बसविता स्टँडवर उतरवावे.