गिझर गरम, प्रेशर नरम!

माहीत आहे का? स्लॅबवर पाचशे लिटरची टाकी ठेवा नाहीतर दोन हजारांची, पाण्याची पातळी तेवढीच असेल तर खालच्या नळाला प्रेशर अगदी सेम! टाकीच्या पोटाशी प्रेशरला काही देणंघेणं नाही. त्याचा एकच सवाल: उंची किती?

हिशेब सोपा. नळापासून पाण्याची पातळी १० मीटर वर, तर प्रेशर साधारण १ बार. शहापूर-मुरबाडच्या साध्या बंगलीत टाकी शॉवरच्या जेमतेम दोन मीटर वर असते. म्हणजे ०.२ बार. आणि गिझरवर ऐटीत छापलेलं असतं '८ बार'! ती गिझरची सोसण्याची लिमिट आहे हो, शॉवरला देण्याची गॅरंटी नव्हे.

तिकडे लंडनच्या मराठी घरात डिसेंबरात वेगळाच ड्रामा. अख्खं घर तापवणारा बॉयलर, त्यावर प्रेशरचा काटा. थंड असताना काटा १ ते १.५ बारवर हवा. फार खाली घसरला की बॉयलर सरळ संपावर! मग व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी भरा, गळती शोधा. आपल्याकडे घर तापवायला म्हसा गावच्या यात्रेतली घोंगडी पुरते. आपला बॉयलर बाथरूमपुरता.

पण तोही रुसतोच! मग प्लंबरला फोन करण्याआधी अर्ध्या मिनिटाची सीआयडी करा. सगळ्याच नळांची धार बारीक? चोर वर आहे: टाकीची पातळी, अर्धवट फिरवलेला व्हॉल्व्ह, गाळ. एकाच नळाची बारीक? तोंडाची जाळी काढा, क्षार जमले असतील; रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. थंड धो-धो आणि गरमच करंगळीएवढं? मग गुन्हा गिझरच्या लाइनमध्येच. आधी अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का ते बघा. (नळदुरुस्तीनंतर तो अर्धाच उघडा राहून जातो. हसू नका, जाऊन बघाच.) मग नंबर अडकलेल्या एनआरव्हीचा (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि क्षारांनी चोंदलेल्या पाइपचा. गिझर खोलायचा तर आधी मेन स्विच बंद!

टाकी कोरडी पडून पुन्हा भरली की धार फुरफुरते, थुंकते, थांबते. पाइपात हवा अडकलीय! गिझर बंद ठेवून सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा. हवाबाई तणतणत बाहेर पडतात.

सोलर लावलाय? थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवीच, नाहीतर ऊन फुकट. आणि तो उभा व्हेंट पाइप? कचरा जातो म्हणून त्याच्या तोंडाला कापड गुंडाळू नका. सोलर श्वास तिथूनच घेतो!

माहीत आहे का? उंचीचा हाच नियम मुंबईला पाणी पाजतो. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ सालचं. तिथलं पाणी जाडजूड पाइपांतून मुंबईकडे निघतं ते पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर. मोडक सागरचंही तसंच. (धरणाला चक्क इंजिनिअरचं नाव! महापालिकेचे एन. व्ही. मोडक.)

भातसाची स्टाइल न्यारी. मुंबईच्या सात तलावांच्या १४.४७ लाख दशलक्ष लिटर साठ्यात एकट्या भातसाचे ७.१७ लाख, म्हणजे जवळपास निम्मे! हे पाणी नदीतून पिसे गावच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पंप त्याला उचलतात. बंधाऱ्याची गेटं हवा भरलेल्या रबरी ब्लॅडरवर उभी. मार्च २०२४ मध्ये एक ब्लॅडर बिघडलं आणि मुंबईत १५ टक्के पाणीकपात. पंक्चर पिशाला, बादली दादरला!

आणि यातलं बरंचसं पाणी ज्या शहापूरचं, तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण खाली, पाडा डोंगरावर, आणि पाणी आपल्या पायांनी चढत नाही. म्हणून तर भावली योजनेची आयडिया भारी: घाटावरच्या इगतपुरी तालुक्यातून पाणी उताराने शहापूरच्या गावा-पाड्यांत! आयडिया भारी, स्पीड मात्र ०.२ बार.

आता जरा कायद्याचं बोलू. १९२३ पासून देशात बॉयलरचा स्वतंत्र कायदा होता, २०२५ मध्ये नवा आला. मुरबाड एमआयडीसीतल्या वाफेच्या बॉयलरला तो लागू. तुमचा १५ लिटरचा गिझर सुटला! पण त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना ठिबकला तर घाबरू नका. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर गेलं की पाव लिटरभर फुगतं. ते कुठेतरी जाणारच. त्या भोकात बूच मारणारा महाभाग मात्र अख्खं बाथरूम धोक्यात घालतो.

आजीच्या तांब्याच्या बंबाला हे टेन्शनच नव्हतं. तोंड उघडं, म्हणजे वाफ मोकळी, म्हणजे प्रेशर शून्य.

गॅस गिझर तर प्रेशर असल्याशिवाय पेटतच नाही! आत एक रबरी पडदा असतो. पाण्याने तो ढकलला तरच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. धार बारीक, तर गिझर मुका. धार बरी असूनही पेटेना? बऱ्याच मॉडेलमध्ये ठिणगीसाठी दोन सेल असतात, आधी ते बदला. आणि बंद बाथरूममध्ये हा गिझर मुळीच नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास देतो, आणि जीव घेतो.

एवढं करूनही आज आंघोळ हुकली? शेजारच्या भिवंडी तालुक्यात चला. तानसा नदीकाठी अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. जमिनीत खोल मुरलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांमधून वर येतं. वीजबिल शून्य, अँगल कॉक शून्य. टॉवेल तेवढा आपापला आणा!