शिक्षा भोगून गावी परतलेला इसम

1972 सालच्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने पुढे निर्दोष सोडले, आणि त्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी 1979 साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उसळलेल्या चळवळीमुळे 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. ज्या भूमीत हे घडले, तेथे लैंगिक गुन्हेगाराच्या उपचाराविषयी लिहिणाऱ्याने पीडितेचे सुख आणि सुरक्षितता हीच पहिली अट मानली पाहिजे. पुढील मजकूर त्या अटीवरच उभा आहे.

दरवर्षीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत बलात्काराच्या खटल्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक खटल्यांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो; शेजारी, नातलग, मालक, परिचित. शिक्षेची मुदत संपल्यावर असा इसम जातो कोठे? तो बहुधा आपल्या गावीच परततो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गाव म्हणजे अनेकदा पन्नास-साठ घरांची वस्ती, जिचा हातपंप एक, आठवडी बाजार एक, मोहफुले वेचण्याचे रान एक. मुलगी आणि तिचा अपराधी या दोघांना त्याच पायवाटेने चालावे लागते. तुरुंगाच्या दारातून तो बाहेर पडल्याची खबर त्या मुलीच्या घरी कोण देणार, तो कोठे राहणार, कोणाच्या नजरेखाली काम करणार, याचा कसलाही बंदोबस्त नसतो.

या बाबतीत उपचार म्हणजे काय, याविषयी गैरसमज फार आहेत. औषधाने वासना मारणे एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांना वाटतो. वस्तुतः औषध काही थोड्यांनाच लागते. मुख्य काम असते ते माणसाला त्याच्या गुन्ह्याची साखळी कडी-कडीने उलगडून दाखवण्याचे: कोणत्या वेळी, कोणत्या एकांतात, कोणत्या नशेत आणि मनाशी कोणती सबब सांगून तो त्या क्षणापर्यंत पोहोचला. ‘दारूच्या धुंदीत झाले’, ‘तीच आली होती’ ही वाक्ये असल्या सत्रांत प्रथम ऐकू येतात, आणि ती तेथे टिकू द्यायची नसतात. कॅनडातील संशोधक कार्ल हॅन्सन यांनी बुसिएर यांच्यासह 1998 साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र केले, तेव्हा सुटकेनंतरच्या चार-पाच वर्षांत नवा लैंगिक गुन्हा नोंदला गेलेल्यांचे प्रमाण शेकडा 13.4 आढळले. नोंदच न झालेले गुन्हे यात येत नाहीत हे खरे. तरी ‘असा माणूस पुन्हा करणारच’ हा सरसकट समज या आकड्यापुढे टिकत नाही. उलटपक्षी, उपचार या नावाने चाललेले सर्व काही गुणकारी असते असेही नाही. इंग्लंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे चाललेल्या एका मोठ्या कार्यक्रमाची 2017 साली तपासणी झाली, तेव्हा उपचार घेतलेल्यांत शेकडा 10 जणांनी आणि न घेतलेल्या तत्सम कैद्यांत शेकडा 8 जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे दिसले, आणि तो कार्यक्रम मागे घेण्यात आला. असे तपासून पाहण्याचे धैर्य आपणही दाखवले पाहिजे.

तुरुंगाबाहेरच्या प्रयोगांत मला सर्वांत विचारणीय वाटतो तो कॅनडातील हॅमिल्टन शहरी 1994 साली एका धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने सुरू झालेला. सुटलेल्या एका इसमाभोवती चार ते सहा सामान्य नागरिक मंडळ करून बसतात, आठवड्याला भेटतात, काम, निवारा, औषधपाणी यांत मदत करतात, आणि तोंडावर विचारतात की या आठवड्यात तू कोठे होतास, कोणाच्या घरी गेलास. धोका दिसला तर ते पोलिसांना कळवतात, आणि हा करार त्या इसमाने आधीच मान्य केलेला असतो. आधार आणि जाब या दोन्ही गोष्टी एकाच मंडळाच्या हाती असणे, हे या योजनेचे मर्म आहे.

आपल्या कायद्यात याला जागा अल्प आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडण्याची तरतूद केली; परंतु जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना, म्हणजे बलात्काराला, ती लागू नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत मात्र 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 18 नुसार बाल न्याय मंडळ समुपदेशन, मानसोपचार आणि सामाजिक सेवा यांचा आदेश देऊ शकते. येथे एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. परस्परांच्या ओढीने पळून गेलेली सोळा-सतरा वर्षांची जोडपी 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यान्वये गुन्ह्याच्या कक्षेत येतात, आणि अशा मुलाला बळजबरी करणाऱ्याच्या शेजारी बसवून तेच धडे देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच कायद्याचे कलम 19 घडलेल्या गुन्ह्याची माहिती दडवण्यास मनाई करते, त्यामुळे समुपदेशकाला संपूर्ण गुप्ततेचे वचन देता येत नाही. गुन्हा घडण्यापूर्वीच, मुलांविषयीच्या ओढीने अस्वस्थ झालेल्या माणसाला उपचार मिळावा, यासाठी पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरने बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या सहकार्याने कार्यक्रम चालवला आहे. परंतु गडचिरोलीतल्या भामरागडहून पुणे फार दूर आहे.

तथापि गडचिरोलीजवळ जे आहे, ते पुण्याजवळ नाही. शोधग्राममध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले. राणीताईंच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलामुलींशी शरीराविषयी संकोच न बाळगता बोलले गेले. आणि 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमात गावाची संघटना व तालुक्याचा व्यसनोपचार हे हातात हात घालून चालले. गावाने उपचार आपल्या अंगावर घेणे ही या जिल्ह्यात नवी कल्पना नाही. परतलेल्या गुन्हेगाराभोवतीचे मंडळ येथील माणसे शिकून चालवू शकतील, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते गावकीने दंड व जेवणावळ घेऊन प्रकरण मिटवण्याचे दुसरे नाव होता कामा नये. खटला न्यायालयातच चालावा, आणि मंडळाचे काम शिक्षेनंतरच सुरू व्हावे.

राहिले ते कुटुंब, ज्याने गुन्हा केलेला नाही. अशा इसमाची पत्नी मे महिन्यात तेंदूपानाच्या फळीवर सत्तर पानांचे पुडके बांधून रांगेत उभी असते, आणि पुढच्या-मागच्या बाया अंतर राखून उभ्या राहतात. मुलाला शाळेत बापाच्या नावाने हाक मारली जाते. भामरागडकडून नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला जायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि मजुरीचे खाडे, आणि पदरात पडतात ती काचेपलीकडची काही मिनिटे. अत्याचार घरातल्याच मुलीवर झाला असेल, तर हीच स्त्री एकाच वेळी पीडितेची आई आणि आरोपीची बायको असते, आणि नवऱ्याची कमाई थांबू नये म्हणून मुलीची जबानी फिरवण्याचा दबाव तिच्यावर येतो. म्हणून कुटुंबाला दिलेला आधार हा पीडितेचाच आधार ठरतो. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था कैद्यांच्या मुलाबाळांसाठी काम करते. असे काम चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात हवे.

तोवर कायद्याने जे आज देऊ केले आहे, ते तरी या घरांपर्यंत पोहोचवावे, अशी ग्रामसभांच्या सदस्यांना, शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना विनंती आहे. अशा कुटुंबाला वाळीत टाकणे हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो. आणि आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपयांची तरतूद आहे, ज्यासाठी अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावयाचा असतो.