भूजलातील आर्सेनिक : बंगालच्या त्रिभुज प्रदेशाचा अनुभव

प्रस्तावना :
१९७० च्या दशकात बांगलादेशात तळी व नद्यांच्या दूषित पाण्यामुळे अतिसार आणि पटकी यांसारखे रोग पसरत असत. त्यावर उपाय म्हणून शासनाने युनिसेफच्या साहाय्याने हातपंपाच्या कूपनलिकांचा प्रसार केला. हे पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होते. मात्र त्यात आर्सेनिक आहे की नाही, याची तपासणी त्या काळी झाली नाही.

आर्सेनिक पाण्यात कसे येते?
आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना ते चिकटलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे भूगर्भातील प्राणवायू संपतो. अशा स्थितीत सूक्ष्मजीव लोहाचे क्षपण करतात, लोह विरघळते व त्याबरोबर आर्सेनिकही पाण्यात मुक्त होते. हे प्रदूषण कारखान्यांमुळे नव्हे, तर निसर्गतः घडते.

आरोग्यावरील परिणाम :
आर्सेनिकयुक्त पाण्याला रंग, वास वा चव नसते. अनेक वर्षांच्या सेवनानंतर त्वचेवर डाग पडतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात. पुढे त्वचा, मूत्राशय व फुप्फुस यांचा कर्करोग संभवतो. पश्चिम बंगालमधील असे रुग्ण १९८३ मध्ये कोलकाता येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. बांगलादेशात हे प्रदूषण १९९३ मध्ये आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम, तर बांगलादेशाची ५० मायक्रोग्रॅम आहे. १९९८-९९ च्या सर्वेक्षणात १५० मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी सुमारे २७ टक्के कूपनलिकांत ५० मायक्रोग्रॅमची मर्यादाही ओलांडलेली आढळली.

उपाययोजना :
पाणी उकळल्याने आर्सेनिक नष्ट होत नाही. उलट बाष्पीभवनामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. शेजारच्या दोन कूपनलिकांतही मोठा फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक कूपनलिकेची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते. बांगलादेशात २००० नंतर लाखो कूपनलिका तपासून दूषित कूपनलिकांना लाल व सुरक्षित कूपनलिकांना हिरवा रंग देण्यात आला. बहुतांश खोल कूपनलिका, गाळण यंत्रणा व पावसाच्या पाण्याची साठवण हे अन्य पर्याय होत.

समारोप :
एका संकटावरील उपाय दुसऱ्या संकटाचे कारण ठरू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. निर्जंतुक पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हे समीकरण अपुरे आहे. पाणीपुरवठ्याचा नवा स्रोत खुला करण्यापूर्वी त्याची जैविक तपासणीबरोबरच रासायनिक तपासणी होणे आणि ती नियमितपणे चालू राहणे अनिवार्य आहे.