वळणावरची काच किती दिवसांची?

गणपत गल्लीतून खडे बाजाराकडे जाताना एकदा काचेच्या बांगड्यांची दुकानं मोजावीत आणि येताना मोबाइलला काच बसवणारी मोजावीत. दुसरीच जास्त भरतील. पायरीवर छत्रीएवढ्या जागेत टेबल टाकून बसलेला पोरगा फोन पुसतो, चिकटपट्टीनं धूळ टिपतो, काच अलगद टेकवतो आणि मधोमध बोट दाबतो. मग ती काच पाणी पसरावं तशी आपली आपण चिकटत जाते. बघत राहावं असं काम! शंभराची नोट दिली की झालं. पण फोन हातात घेतल्यावर त्यानं तो आडवा धरून कडेनं न्याहाळला आणि “कर्व्ह ऐत्री अक्का” म्हणाला, की समजावं, शंभरात भागायचं नाही.

कर्व्ह म्हणजे ज्या फोनचा पडदा डाव्या-उजव्या कडेला खाली वळलेला असतो तो. सॅमसंगने २०१४ साली गॅलेक्सी नोट एज या फोनचा पडदा एका बाजूनं वळवला आणि २०१५ च्या गॅलेक्सी एस६ एजमध्ये दोन्ही बाजूंनी. हे जमलं ते ओएलईडी पडद्यामुळे. जुन्या एलसीडी पडद्याला मागून उजेडाचा थर लागतो. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि तो प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर घडवता येतो. पापुद्रा वळतो म्हणून पडदा वळतो. त्याच्या वरची काच मात्र तापवून साच्यात वाकवलेली असते आणि पडदा तिला आतून पक्का चिकटवलेला असतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढं बिलाच्या वेळी ती भेटणार आहे. दहाएक वर्षांत ही फॅशन लाखाच्या फोनवरून पंचवीस-तीस हजारांच्या फोनपर्यंत उतरली आणि आपल्यासारख्यांच्या घरात आली.

आमच्याकडे ती २०२४ च्या दिवाळीत आली. धाकटे दीर वडगावात साड्यांचे माग चालवतात. त्यांच्या मुलानं बेंगळुरूहून, नोकरीच्या पहिल्या बोनसातून, वडिलांसाठी असा फोन आणला. भावजींना फोनचं कौतुक बेताचंच, पण सगळा धंदा आता त्यावरच चालतो. व्यापारी काठाचा फोटो पाठवतो, रंग असा हवा म्हणून सांगतो. हे हातभर विणून उलट फोटो पाठवतात. पैसेही त्यातच जमा होतात. फोन दोन दिवस बंद म्हणजे माग दोन दिवस अंदाजानं चालवायचा. म्हणून मुलानं फोन हातात ठेवतानाच सांगितलं, “अप्पा, आधी काच बसवून घ्या.”

घरच्या खर्चाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे पुढचं सगळं तारीखवार माझ्यापाशी आहे. नऊ महिन्यांत त्या एका फोनला तीन काचा झाल्या.

पहिली साडेतीनशेची. तिला चारी कडांना काळी पट्टी होती आणि गोंद फक्त त्या पट्टीखाली. मधे काच आणि पडदा यांच्यात हवेचा पोकळ थर राहायचा. बोट फिरवलं तर फोनला कळायचं नाही, दाबावं लागायचं. मागाजवळ सुताचा बारीक भुसा उडत असतो, तो कडेच्या फटीतून आत शिरला. तीन आठवड्यांत काच अख्खीच्या अख्खी हातात आली, न फुटता.

दुसरी साडेचारशेची, पूर्ण गोंदाची. ती छान बसली. महिन्याभरानं धाकट्या जावेनं दाखवलं, “अक्का, बाजूला खडूची रेघ ओढल्यासारखं काय दिसतंय बघा.” काच वळणावर सुटत होती आणि आत शिरलेली हवा पांढरी दिसत होती. मागच्या कव्हराची कड तिला खालून ढकलत होती. सहा आठवड्यांत गेली. आम्ही दोघी तक्रार घेऊन दुकानात गेलो तेव्हा तो पोरगा जावेकडे बघून म्हणाला, “गाजु गट्टी ऐत्री अक्का, अंटु गट्टी इल्री.”

काच मजबूत आहे, गोंद मजबूत नाही. मला वाटतं, या विषयातलं निम्मं शहाणपण त्या एका वाक्यात आलं. पाकिटावर मात्र गोंदाबद्दल अक्षरही नव्हतं.

आपल्याकडच्या गृहिणीला हे सांगायला मांड्याचं उदाहरण पुरे. मांडा उलट्या खापरावर टाकला की तो खापराची गोलाई घेतो, कारण तो मऊ असतो. काच तसं करत नाही. ती आधीच कारखान्यात साच्यात वाकवलेली असते आणि फोनची गोलाई दुसऱ्या कारखान्यात ठरलेली असते. दोन्हींत केसाएवढा फरक पडला तरी तो भरून काढायचं काम गोंदावर येतं. सपाट फोनवर असा प्रश्नच नसतो. वर, काच असते जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची. मागच्या पानावर जायला आपण कडेवरून बोट आत ओढतो ते दिवसातून किती वेळा, कोण मोजतं! खिसा, पर्स, कव्हर, सगळ्यांचा रेटा त्याच कडेवर. गोंद तिथंच थकतो.

आता काचेचं बोलू. ‘टेम्पर्ड’ म्हणून जी काच मिळते ती मजबूत करण्याची चांगली रीत म्हणजे तिला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास, न्हाऊ घालणं. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे कण बसतात. पोटॅशियमचा कण आकारानं मोठा. चोर्ल्याच्या बसमध्ये तिघा बारक्यांच्या सीटवर तीन धष्टपुष्ट मंडळी बसली तर कशी दाटी होते, तशी ती दाटी. पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि बारीक चीर उघडू पाहिली तरी हा दाब तिला मिटवून धरतो. काच फुटते ती अशा चिरीपासूनच. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ मध्ये दाखवून दिलं की काचेची ताकद तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे दोष ठरवतात. कापलेल्या काचेला असे दोष सगळ्यात जास्त कुठं असतात? कडेला. आणि वळणाच्या फोनवर नेमकी कडच सगळ्यात आधी आपटते.

पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘९एच’ छापलेलं असतं. त्याला फार भुलू नये. हा पेन्सिलींचा मापदंड आहे. शाळेत एचबी पेन्सिल वापरत होतो ना, तिच्याच घराण्यातली ९एच ही फार कठीण पेन्सिल. तिनं ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. साध्या खिडकीच्या काचेवर तरी पेन्सिलीनं ओरखडा कुठं उठतो? खनिजांची कठीणता मोजायचा मोह्झचा मापदंड वेगळा. त्यात काच साडेपाच-सहाच्या आसपास येते आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर. म्हणजे किल्ली बहुतेक वेळा काही करत नाही, पण उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ पर्समध्ये बसली की तिच्यातला वाळूचा एक कण पुरतो.

तिसरी काच आठशेची. हिला यूव्ही म्हणतात. पोरानं फोनच्या स्पीकरची जाळी, बटणं, चार्जिंगचं भोक सगळं पट्टीनं बुजवलं, पडद्यावर पातळ पारदर्शक गोंदाचे थेंब सोडले, वर काच ठेवली. गोंद तेलासारखा सरकत सरकत कडांपर्यंत भरला. मग जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा धरला आणि गोंद घट्ट झाला. वळणाच्या फोनवर काच टिकवायची तर माझ्या बघण्यात हीच रीत, कारण पातळ गोंद तो केसाएवढा फरक भरून काढतो. सहा महिने कड सुटली नाही. भावजींची तक्रार एकच होती. फोटोतल्या साडीचा काठ बरोबर पडद्याच्या वळणावर यायचा आणि तिथं उजेड चमकून मोरपंखी कुठला आणि हिरवा कुठला ते कळायचं नाही. तो दोष काचेचा नव्हे, फोनच्या घडणीचाच.

या रीतीत जोखीमही आहे. पट्टी नीट लागली नाही तर गोंद स्पीकरमध्ये, बटणांत उतरतो आणि तिथंच घट्ट होतो. २०२४ मध्ये काही फोन कंपन्यांनीच ग्राहकांना या गोंदापासून सावध केलं होतं, वॉरंटी जाऊ शकते असंही बजावलं होतं. बसवून घ्यायची तर अंगठ्याचा ठसा चालतो का ते दुकानातच बघावं. पडद्याखालच्या ठशाच्या यंत्राचे दोन प्रकार असतात. एक उजेडानं ठसा बघतो, दुसरा आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी. ध्वनिलहरींच्या मधे हवेचा थर आला की तो अडतो. याची उलटी तऱ्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये गाजली होती. ब्रिटनमधल्या एका बाईंनी गॅलेक्सी एस१० वर स्वस्तातलं सिलिकॉनचं आवरण घातलं आणि तो फोन कुणाच्याही बोटानं उघडायला लागला! सॅमसंगला त्यासाठी सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. ज्या फोनवर पैशाचे व्यवहार होतात त्याबाबत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काच किंवा फिल्म बदलली की घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट लावून बघावं, आणि मग आपला ठसा नव्यानं नोंदवावा.

असो. २०२५ च्या श्रावणात भावजींचा फोन मागाशेजारच्या स्टुलावरून शहाबादी फरशीवर पडला. उंची गुडघ्याएवढी, पण पडला आडवा, कडेवर. उचलून बघितला तर वरची आठशेची काच धड, एक ओरखडा नाही. तिच्या आणि धातूच्या चौकटीच्या मधे फोनच्या स्वतःच्या काचेची सुतळीएवढी पट्टी उघडी राहते, तिथून चीर आत गेली होती. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला शाईसारखा काळा डाग पसरला आणि पडद्याभर हिरवी रेघ उभी राहिली.

दुरुस्तीच्या ठिकाणी सांगण्यात आलं की काच आणि पडदा सुटा होत नाही, सगळा जोडच बदलायचा. अकरा हजार चारशे. मी वहीत आकडा लिहिला तेव्हा भावजींनी वरच्या तिन्ही ओळी बोटानं मोजल्या, सोळाशे रुपये झाले, आणि विचारलं, “वहिनी, मग हे कशाचे दिले?”

त्यांना मी जे सांगितलं तेच इथं लिहिते. ते ओरखड्यांचे दिले. खाली टोकदार खडा असता आणि फोन तोंडावर पडला असता, तर कदाचित वरची काच फुटून खालची वाचली असती. कडेवरचा मार मात्र कुठलीच चिकटवलेली काच झेलत नाही, कारण ती कडेपर्यंत पोचतच नाही. तो झेलायचा कव्हरानं, आणि वळणाच्या फोनला कव्हरही धड मिळत नाही. कड उंच ठेवली तर बोट वळणावर फिरत नाही, कमी ठेवली तर काच उघडी पडते. विकणाऱ्यानं काच विकताना एवढं सांगायला काय हरकत आहे? ‘फोन सेफ राहील’ म्हणून आठशे घेणं मला पटत नाही. ‘ओरखडे पडणार नाहीत’ म्हणून घ्यावेत, खुशाल घ्यावेत.

मोठ्या कंपन्यांनाही आता या वळणाचा सोस कमी झालेला दिसतो. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ प्रोमध्ये पडदा सपाट केला, सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये. ॲपलने तर आयफोनचा पडदा असा कधी वळवलाच नाही. पण घरात असलेला फोन काही टाकून देता येत नाही.

भावजींच्या फोनला नवा पडदा बसला तेव्हा काच नको, फिल्म घालू असं ठरलं. ही मऊ प्लॅस्टिकची असते. दुकानातल्या यंत्रात फोनचं मॉडेल निवडलं की ते बरोबर मापाची कापून देतं. मऊ असल्यामुळे मांड्यासारखी गोलाई घेते आणि वळणावर ताणत नाही. नखाचे बारीक ओरखडे हिच्यावर उठतात, त्यातले काही दोन दिवसांत आपोआप भरूनही येतात. बोट काचेइतकं सुळकन फिरत नाही आणि आपटण्यापासून संरक्षण जवळपास शून्य. म्हणून सोबत चारी कोपऱ्यांना जाड गादी असलेलं कव्हर घेतलं. दिसायला बेंगरूळ आहे, पुतण्याला आवडलेलं नाही. दोन्ही मिळून सहाशे झाले.

बसवून घ्यायची असेल तर धूळ कमी असलेल्या जागी, आणि शक्यतो पावसाळ्यात. घरी लावणाऱ्यांनी न्हाणीघरात गरम पाणी सोडून जरा वाफ होऊ द्यावी, हवेतली धूळ खाली बसते. फिल्मखाली राहिलेली ओल सुकायला एक दिवस लागतो, तोवर फोन कव्हरात घालू नये. जुनी यूव्ही काच काढताना नखानं उचकटू नये. कोपऱ्याखाली पातळ कार्ड सरकवून हळूहळू सोडवावी, डोळ्यांवर चष्मा असू द्यावा, आणि निघालेले तुकडे कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहून मगच कचऱ्याच्या गाडीत द्यावेत. आमच्या गल्लीत जाऊ त्यावर ‘गाजु’ असंही लिहिते, कारण गाडीवरच्या बाईला मराठी वाचता येत नाही.