जिवंत माशांचा दाखला

'पाकेते हबाना' ही शिडाची होडी. कणा ४३ फुटांचा, वर तांडेलासकट तिघं क्यूबन. मार्च १८९८मध्ये हवानाहून निघून त्यांनी तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्यूबा बेटाच्या पश्चिम टोकाला पंचवीस दिवस मासेमारी केली. पकडलेला मासा होडीत जिवंत ठेवायचा आणि जिवंतच विकायचा, अशी तिथली रीत. येणाऱ्या मिळकतीत दोन वाटे खलाशांचे, एक मालकाचा. २५ एप्रिलला परतताना अमेरिकी आरमारानं त्यांना अडवलं, तेव्हा कुठे कळलं की स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध पेटलंय! दोन दिवसांनी 'लोला' या दुसऱ्या होडीचीही तीच गत. शत्रूचा माल म्हणून दोन्हींचा लिलाव झाला. एक गेली ४९० डॉलरला, दुसरी ८००ला.

इथवर नवल काहीच नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे न्यायमूर्ती होरेस ग्रे थेट पाचशे वर्षं मागे गेले. १४०३मध्ये इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीनं मच्छिमारांना अभय देणारं फर्मान काढलं होतं. १५२१मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस एकमेकांशी लढत होते, तरी हेरिंग पकडणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही असं ठरवून बसले. १७७९मध्ये सोळाव्या लुईनं आपल्या आरमाराला बजावलं, इंग्रज मच्छिमारांच्या वाटेला जाऊ नका. तुमचे आम्ही सोडतो, आमचे तुम्ही सोडा. हा व्यवहार इतका मुरला की त्याचा कायदा झाला, असा निकाल ८ जानेवारी १९००ला लागला. तोही सहा विरुद्ध तीन मतांनी. लिलावाचे पैसे नुकसानभरपाईसह परत करायचा हुकूम झाला.

मला गंमत वाटते ती निकालातल्या एका बारीक भेदाची. अभय ताजा मासा आणणाऱ्याला. खोल समुद्रात कॉड किंवा देवमासा मारणाऱ्याला नाही, कारण तो माल खारवून किंवा अन्य रीतीनं टिकवून व्यापाराला जातो. 'लोला' पार युकातानपर्यंत गेली होती, पण पोटात दहा हजार पौंड जिवंत मासा घेऊन येत होती, ती सुटली. (आपल्या सुकटवाल्या मावशींनी ग्रेसाहेबांना यावर चार शब्द नक्की सुनावले असते.)

शतकभरात कसोटी बदलली. तांबड्या समुद्रातल्या हनीश बेटांवरून १९९५मध्ये एरिट्रिया आणि येमेन भिडले. लवादानं १९९८मध्ये बेटं येमेनला दिली, पण दोन्ही किनाऱ्यांच्या मच्छिमारांची जुनी वहिवाट कायम ठेवली. १९९९च्या निवाड्यानं छोटा मच्छिमार कोण, तेही सांगितलं. होडीला इंजिन बसवलं म्हणून त्याचा हक्क जात नाही. मोठ्या औद्योगिक जहाजांना मात्र तो नाही. एरिट्रियाच्या माणसानं येमेनच्या बंदरात जाऊन मासा विकावा, वादळात बेटावर आसरा घ्यावा, तिथेच होडी दुरुस्त करावी. आणि हो, मासा सुकवायलाही घालावा.